फळ्यावरचं वहीत उतरवताना काय होतं, हे विचारणाऱ्या फिजिओ मॅडमना

आदरणीय मॅडम,

तुमच्यासमोर बसून हे बोलायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा डोळे भरून आले आणि तुम्ही पाण्याचा ग्लास पुढे केलात. म्हणून लिहितेय. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण असं एखादं पत्र मला ऑगस्टमध्ये वाचायला मिळालं असतं, तर खेळताना मार लागून मेंदूला हादरा बसलेल्या माझ्या मुलाचे सहा आठवडे अंधाऱ्या खोलीत गेले नसते.

कबड्डीच्या सामन्यात चढाईला गेला आणि पकडीत समोरच्या मुलाचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. उठला, माती झटकली आणि पुढची चढाईही केली. त्याच क्षणी त्याला मैदानाबाहेर काढायला हवं होतं, हे मला तुमच्याकडून कळलं. मेंदू सावरलेला नसताना दुसरा मार बसला तर जिवावर बेतू शकतं. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो. रात्री उलटी झाली, दवाखान्यात नेलं, सीटी स्कॅन झाला. रिपोर्ट नॉर्मल आला. आम्ही देवापुढे साखर ठेवली.

पण पोरगा काही नॉर्मल नव्हता. ट्यूबलाईट लावली की डोळे मिटायचा, कुकरची शिट्टी झाली की कान दाबायचा. कधी बहिणीवर आवाज न चढवणारा मुलगा बारीकसारीक गोष्टींवरून खेकसायचा. एका ठिकाणी सांगितलं, पूर्ण झोपवून ठेवा, पुस्तक नाही, मोबाईल नाही, बाहेर पाठवू नका. आम्ही ते इमानेइतबारे पाळलं. डोकं ठणकायचं थांबेना. सासूबाईंनी दृष्ट काढली. नातेवाईक म्हणाले, दहावीचा धसका घेतलाय. आणि एका रात्री मीही त्याला म्हणाले, "रिपोर्टमध्ये काहीच नाही रे, मग नक्की दुखतं तरी काय?" त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

शेवटी तुमच्याकडे आलो. तुम्ही रिपोर्ट बाजूला ठेवलात आणि थेट त्याला विचारलंत, "फळ्यावरचं वहीत उतरवताना काय होतं रे?" तो म्हणाला, "मान वर-खाली केली की अक्षरं पोहतात." हे त्याने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

मग तुम्ही आम्हाला समजावलंत. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव, फ्रॅक्चर दिसतं. हादऱ्याने मेंदूच्या कामात झालेला बिघाड त्यात दिसत नाही. मान हलली तरी नजर स्थिर ठेवायचं काम डोळे आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा मिळून करतात, आणि याची तीच जुळणी बिघडली होती. बहुतेक मुलं महिनाभरात सावरतात, काहींना जास्त दिवस लागतात, आणि त्यात त्या मुलाचा काही दोष नसतो. खेळात मेंदूला बसणाऱ्या हादऱ्यावर बोलायला 2022 साली अॅमस्टरडॅमला जमलेल्या जगभरच्या तज्ज्ञांचंही म्हणणं हेच आहे, की सक्तीच्या विश्रांतीचा उपयोग नाही. पहिले 24 ते 48 तास जरा आराम आणि मग सोसेल तेवढी हालचाल. आम्ही नेमकं उलटं करत होतो. तरी तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत.

त्याच्या खोलीच्या भिंतीवर तुम्ही दिलेला 'क' अक्षराचा कागद अजून चिकटलेला आहे. त्यावर नजर रोखून मान डावी-उजवी करायची, मोबाईलवर लावलेल्या ठोक्यांच्या तालावर. पहिल्या दिवशी दहा सेकंदांत पोरगा घामाघूम होऊन खाली बसला. माझ्या जुन्या माळेतले तीन मणी दोऱ्यात ओवून तुम्ही नजर जवळ-लांब करायला शिकवलीत. रोज चालायचं, डोकेदुखीला शून्य ते दहामधला आकडा द्यायचा आणि तो आधीपेक्षा दोनहून जास्त वाढला की थांबायचं, हा तुमचा हिशेब त्याने वहीत लिहून ठेवला. त्या आकड्यांनी त्याला धीर दिला. दुखणं मोजता येतं म्हणजे ते खरं आहे, असं तो मला म्हणाला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तो रोज डोकेदुखीची गोळी घेतोय हे तुमच्या लक्षात आलं. गोळ्यांच्या अतिरेकानेही डोकं दुखतं म्हणून तुम्ही आम्हाला तातडीने डॉक्टरांकडे पाठवलंत. शाळेला चिठ्ठी तुम्हीच लिहिलीत: दोन तासांनंतर पंधरा मिनिटं शांत बसू द्या, नोट्सची झेरॉक्स द्या. मैदानाचा विषय काढला की तुम्ही ठामपणे सांगायचात, आधी शाळा, मग कबड्डी.

सगळं संपलेलं नाही. लग्नाच्या वरातीतला डीजे त्याला अजून सोसत नाही, जागरण झालं की दुसरा दिवस जड जातो. कबड्डीला डॉक्टरांनी अजून हो म्हटलेलं नाही आणि तोही आता घाई करत नाही.

पण सोमवारी शाळेतून आला आणि दप्तर न काढताच त्याने इतिहासाची वही माझ्यापुढे उघडली. साडेतीन पानं, सगळी फळ्यावरून उतरवलेली, ओळी सरळ. गुरुवारी येतो आहोत. वही तुम्हाला दाखवायला तोच घेऊन येणार आहे.

तुमची ऋणी,
त्याची आई