झाडं लावून झाली, आता सिलॅबसकडे बघा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

कॉलेजच्या मुलांनी झाडं लावली, प्लास्टिक गोळा केलं, सायकल रॅली काढली की त्याचा फोटो पेपरात येतो, आणि यायलाच पाहिजे, मुलं मनापासून राबतात. पण तीच मुलं दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन बसतात तेव्हा फळ्यावर काय शिकवलं जातं, याची बातमी कधी होत नाही. मला त्याबद्दलच लिहायचंय. कारण गेल्या काही वर्षांत वेगवेगळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांनी सगळ्यात चिकाटीचं काम केलंय ते प्रत्येक विषयाच्या सिलॅबसमध्ये पर्यावरणाचा विचार यावा म्हणून, आणि त्याची म्हणावी तशी दखल कुणी घेतलेली नाही.

मी रसायनशास्त्र शिकले. दुसऱ्या वर्षाला अ‍ॅस्पिरिन बनवायचं प्रॅक्टिकल होतं, २ ग्रॅम सॅलिसिलिक अ‍ॅसिड, ५ मिली अ‍ॅसेटिक अनहायड्राइड, मग क्रिस्टल शुद्ध करायला थोडं इथेनॉल, सगळ्यांनी केलेलं असतं हे. मार्क कशाला, तर यील्ड किती आलं, म्हणजे माल किती निघाला, आणि मेल्टिंग पॉइंट बरोबर आला का याला. आमच्यातल्या एका मैत्रिणीने कुठेतरी ई-फॅक्टरबद्दल वाचलं होतं, म्हणजे एक किलो माल बनवताना किती किलो कचरा होतो तो आकडा. रॉजर शेल्डन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने तो १९९२ साली मांडला आणि औषध कंपन्यांमध्ये हा आकडा २५ ते १०० किंवा त्याच्याही वर जातो हे दाखवून दिलं. तर आम्ही चौघींनी ठरवलं की आपल्याच प्रॅक्टिकलचा काढून बघू. आत गेलेलं सगळं मांडलं, बाहेर आलेलं वजन केलं. हातात आलं जेमतेम २ ग्रॅम अ‍ॅस्पिरिन, आणि वेस्टच्या बाटलीत गेलं त्याच्या साधारण दहापट, पाणी तर धरलंच नव्हतं. तो आकडा जर्नलमध्ये लिहिताना मला पहिल्यांदा असं वाटलं की मी केमिस्ट्री शिकतेय म्हणजे नक्की काय शिकतेय हे मला आत्ता कळलं.

सरांना दाखवलं तेव्हा ते आधी म्हणाले की हे पोर्शनमध्ये नाहीये. पण आठवडाभराने स्वतःच म्हणाले की पुढच्या बॅचपासून जर्नलमध्ये एक कॉलम वाढवू, 'वाया गेलेलं'. बास, एवढंच झालं, त्याला ना जादा तास लागला, ना पैसे, ना कुणाची परवानगी. आणि तो एक कॉलम आल्यावर मुलं आपोआप विचारायला लागली की सॉल्व्हंट, म्हणजे इथेनॉलसारखं विरघळवणारं द्रव, कमी घेतलं तर चालेल का, परत वापरता येईल का.

माझं सगळं म्हणणं या एका कॉलममध्ये आहे. सस्टेनेबिलिटी, म्हणजे निसर्गाला परवडेल असं बनवणं आणि वापरणं, शिकवायची म्हणजे प्रत्येक विषयाच्या पोटात शिरून शिकवायची. वेगळा कंपल्सरी पेपर काढून, गाइडमधून आदल्या रात्री पाठ करून, पास होऊन विसरून जायची ही गोष्ट नाही. असे पेपर मी स्वतः दिलेत, आज त्यातलं मला एक वाक्य आठवत नाही, वेस्टची बाटली मात्र डोळ्यासमोर आहे.

विद्यार्थ्यांच्या चळवळींना हे कळलंय असं मला त्यांचं काम बघून वाटतं. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मेडिकलच्या मुलांनी २०१९ मध्ये 'प्लॅनेटरी हेल्थ रिपोर्ट कार्ड' सुरू केलं, म्हणजे उलटं प्रगतिपुस्तक, विद्यार्थ्यांनी कॉलेजला द्यायचं. आज बऱ्याच देशांतल्या मेडिकल कॉलेजांमधली मुलं ते भरतात. त्यात प्रश्न एकदम नेमके असतात, उष्णतेच्या लाटेचा तब्येतीवर काय परिणाम होतो हे शिकवलं का, हवामान बदलल्याने साथीचे रोग कसे पसरतात हे शिकवलं का. आणि मला सगळ्यात आवडली ती मार्क द्यायची पद्धत. विषय मुख्य अभ्यासक्रमात खोलात जाऊन शिकवला तर ३, मुख्य अभ्यासक्रमात पण नुसता उल्लेख असेल तर २, फक्त ऑप्शनल कोर्समध्ये असेल तर १, कुठेच नसेल तर शून्य. कुठलंही कॉलेज छातीठोकपणे सांगतं ना की आमच्याकडे पर्यावरणाचा कोर्स आहे, त्याचा सगळा हिशोब या चार आकड्यांत होतो.

मेडिकलचं एक उदाहरण देते म्हणजे हे वरवरचं बोलणं वाटणार नाही. ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला डेसफ्लुरेन नावाचा गॅस वापरतात. तो शरीरात जवळपास पचतच नाही, पेशंटच्या श्वासातून बाहेर येतो आणि शेवटी हवेत जातो, आणि शंभर वर्षांचा हिशोब धरला तर तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा अडीच हजार पटीच्या आसपास जास्त उष्णता धरून ठेवतो. सेवोफ्लुरेन हा त्याला पर्याय आहे, त्याचा हवामानाला होणारा त्रास कितीतरी कमी आहे आणि बऱ्याच ऑपरेशनना तो चालतो. स्कॉटलंडने २०२३ मध्ये सरकारी दवाखान्यांतून डेसफ्लुरेन काढलं, युरोपियन युनियनमध्ये २०२६ पासून अगदी गरज असेल तरच ते वापरता येतं. आता हे भुलीच्या लेक्चरमध्ये, डोस आणि साइड इफेक्ट सांगतानाच सांगायला हवं की नको? दोन मिनिटं लागतात. वेगळ्या पर्यावरणाच्या पेपरात भुलीचा गॅस कधीच येणार नाही, कारण तो पेपर शिकवणाऱ्याला भूल माहीत नाही आणि भूल शिकवणाऱ्याला वाटतं की पर्यावरणाचं बघायला तो पेपर आहेच.

सिव्हिलला पण तेच. माणसं दरवर्षी हवेत सोडतात त्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटमधून येतो, त्यातला निम्म्याहून जास्त तर चुनखडी भाजताना तिच्यातूनच सुटतो, म्हणजे भट्टी सोलरवर चालवली तरी तेवढा निघणारच. मग बीम डिझाइन करायला दिला की लोड आणि खर्चाबरोबर कार्बनचाही आकडा काढायला का लावू नये, कमी काँक्रीटमध्ये तोच बीम बसवून दाखवणाऱ्याला दोन मार्क जास्त का देऊ नयेत.

वेगळ्या कोर्सच्या मागे लागलेल्या मुलांना मी नावं ठेवत नाहीये हां. बार्सिलोना विद्यापीठातल्या मुलांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये सात दिवस विद्यापीठात ठाण मांडलं आणि हवामान संकटावरचा कोर्स सगळ्यांना कंपल्सरी करायचं मान्य करून घेतलं, शिक्षकांच्या ट्रेनिंगचंही कबूल करून घेतलं. केवढी मोठी गोष्ट आहे ती, आणि माझ्या मते त्यातला शिक्षकांच्या ट्रेनिंगचा भाग जास्त मोलाचा आहे. शिक्षकांनाच जे कुणी शिकवलेलं नाही ते त्यांनी उद्यापासून शिकवावं अशी अपेक्षा करणं बरोबर नाही, आणि सिलॅबस आधीच तुडुंब भरलाय ही त्यांची तक्रार खरीच आहे. म्हणून तर म्हणतेय की भर घालू नका, आहे त्याच गणितात, आहे त्याच प्रॅक्टिकलमध्ये प्रश्न बदला.

विद्यार्थ्यांची खरी अडचण वेगळीच आहे आणि ती कुणी बोलत नाही. तीन-चार वर्षांत मुलं पास होऊन निघून जातात. पहिलं वर्ष कळण्यात जातं, दुसऱ्या वर्षी सिलॅबसमध्ये काय बदलायचं त्याची यादी तयार होते, तिसऱ्या वर्षी मीटिंगला वेळ मिळतो आणि तोवर परीक्षा येते, मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. विद्यापीठाने नुसतं थांबायचं ठरवलं तरी मुलं हरतात. आमचीही यादी होती, तिसऱ्या वर्षी आम्ही अकरा प्रॅक्टिकलची टाचणं काढली होती, कुठे काय बदलता येईल याची, ती फाइल एका कपाटात ठेवली गेली आणि आम्ही बाहेर पडलो. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्यात धाकट्या बॅचच्या मुलींचीही मेहनत होती.

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्त विद्यापीठात २०१० मध्ये यावर एक तोडगा निघाला. तिथे विद्यार्थ्यांनी चालवलेलं 'ग्रीन ऑफिस' सुरू झालं, त्याला विद्यापीठाने जागा दिली, बजेट दिलं, काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना पगार दिला. नंतर युरोपातल्या इतर विद्यापीठांनीही ते उचललं. बॅच बदलली तरी टेबल तेच, फाइल तीच, जाणारा येणाऱ्याला समजावून जातो. स्वित्झर्लंडमध्ये सेंट गॅलनच्या विद्यार्थ्यांनी १९८७ मध्ये सुरू केलेली 'ओइकोस' ही अर्थशास्त्र आणि मॅनेजमेंटच्या शिक्षणात सस्टेनेबिलिटी आणू बघणारी संघटना इतक्या बॅचेस येऊन गेल्या तरी अजून चालू आहे. म्हणजे हे जमतं, पण त्याला मुलांच्या उत्साहाशिवाय एक खुर्ची, एक कपाट आणि थोडे पैसे लागतात.

तुमच्या वाचकांत प्राध्यापक असतील, सिलॅबस ठरवणाऱ्या अभ्यास मंडळावर बसणारे असतील. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की अभ्यास मंडळाच्या मीटिंगला विद्यार्थ्यांना बोलवा, नुसतं ऐकायला नाही तर विषय मांडायला आणि मत द्यायला. मुलांनी सिलॅबस तपासून यादी आणली तर तिला लेखी उत्तर द्या, तारखेसकट, नाही म्हणायचं असेल तर का नाही तेही लिहा. ते काम प्रोजेक्ट म्हणून धरून क्रेडिट द्या, कारण अख्खा अभ्यासक्रम वाचून त्यातल्या उणिवा शोधणं हे कुठल्याही सेमिनारपेक्षा अवघड काम आहे. आणि तुमच्या विभागाच्या कपाटात आमच्यासारख्या एखाद्या जुन्या बॅचची फाइल पडलेली असेल तर ती या आठवड्यात काढून बघा, त्यातलं एक तरी प्रॅक्टिकल या सेमिस्टरला बदलता येईल.

आपली,
रसायनशास्त्राची एक माजी विद्यार्थिनी