हयातीच्या दाखल्यापलीकडचा फौजी : बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी साहेब, बेळगाव यांस,
स. न. वि. वि.

आपण जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष, म्हणून हे पत्र आपल्याला. कन्नड प्रत सोबत जोडली आहे. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आमच्या रेजिमेंटचं सेंटर बेळगावात. येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदीपासून खानापूरच्या जंगलातल्या वाड्यांपर्यंत फौजी नाही असं गाव शोधावं लागेल. भरती निघाली की पोरांना सोडायला अख्खी गल्ली येते. परत आलेल्याकडे मात्र कुणी बघत नाही.

आमच्या पलटणीतला एक गडी. काश्मीरमध्ये ऑपरेशनवर असताना त्याचा जोडीदार त्याच्या शेजारीच गेला. पेन्शनवर आला तेव्हा ठणठणीत होता. दोनेक वर्षांनी सुरू झालं. रात्री उठून कड्या तपासायच्या, गोठ्यापर्यंत चक्कर मारायची. पंगतीत भिंतीला पाठ लावूनच बसणार. गणपतीच्या मिरवणुकीत सुतळी बॉम्ब वाजला की हा गटाराच्या कडेला आडवा, आणि पोरं हसतात. बायको त्याला हात लावून उठवत नाही, उंबऱ्यातूनच हाक मारते. एकदा खांदा हलवला, तर झोपेत त्याने तिचा गळा धरला होता. हे तिने माहेरीसुद्धा सांगितलं नाही. मुलीचं लग्न व्हायचं होतं.

गावाचं निदान ठरलेलं : दारू, नाहीतर बाहेरची बाधा. दारू होतीच, खोटं कशाला बोलू? कॅन्टीनचा कोटा महिन्याच्या महिन्याला मिळतो. झोपेवरचा तेवढा एकच इलाज आम्हाला आजवर वेळेवर मिळालाय.

डॉक्टर याला पीटीएसडी म्हणतात, म्हणजे जबर धक्क्यानंतर मनाला जडणारा आजार. सगळ्यांनाच होतो असं नाही, पण काहींना कित्येक महिन्यांनी, वर्षांनीही त्रास सुरू होतो. आणि सावरणं-न सावरणं हे परतल्यावर आधार किती मिळाला यावरही फार अवलंबून असतं, असं अभ्यास पुन्हा पुन्हा सांगतात. पलटणीत तो न मागता मिळतो, लंगरात, पहाऱ्यावर. पेन्शनचे कागद हाती पडले की एका दिवसात सुटतो.

सोयी नाहीत असं नाही. तालुका इस्पितळात मनोचैतन्यचा मंगळवार आहे, म्हणजे मनाच्या आजारांची तपासणी; धारवाडला डिमहान्स हे मनोरुग्णांचं सरकारी इस्पितळ आहे. 14416 वर टेलिमानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेला, मराठीतही बोलता येतं. डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या वैद्यकीय कॉलेजात, फौजेसाठी त्याचा वेगळा कक्षही झाला. पण फोन लावायला आधी 'मला होतंय' म्हणावं लागतं. गाव ज्याला मेजर म्हणतं, तो ते म्हणत नाही.

म्हणून तुमच्या माणसाने दारात यावं. दर नोव्हेंबरात आम्ही हयातीचा दाखला देतो. जिवंत आहे एवढं सरकारला कळतं. त्याच सुमाराला माजी सैनिक संघटनांना धरून गावोगाव बैठका लावा. मराठी-कन्नड दोन्ही येणारा समुपदेशक हवा आणि सोबत एखादा जुना हवालदार, कारण त्याने विचारलं तरच गडी तोंड उघडेल. बायकांची बैठक वेगळी घ्या, आम्हाला बाहेर बसवून. आशाताईंना लक्षणं शिकवा; घरात त्यांना कुणी अडवत नाही. नावं मात्र चावडीवर जाता कामा नयेत, नाहीतर पहिल्या बैठकीनंतर कुणी फिरकणार नाही.

बेळगाव तालुक्यातून सुरुवात करणार असाल तर तालमीची जागा आणि माणसं आम्ही जमवतो. तारीख तेवढी कळवावी.

आपला,
एक निवृत्त सुभेदार, बेळगाव तालुका