‘विशेषज्ञ’ हा शब्द तपासलेला हवा

पशुवैद्यकांच्या नोंदणीचे नियम सैल करावेत, असे सुचवणारा आपल्या अंकातील लेख वाचला. तो पटला नाही. माणूस किमान काय दुखते ते सांगतो, उपचार पटले नाहीत तर दुसरा डॉक्टर गाठतो. मुक्या जनावराला ती सोय नाही. त्याचा मालक दवाखान्याच्या पाटीवर भरवसा ठेवतो, म्हणून त्या पाटीवरचा प्रत्येक शब्द, विशेषतः ‘विशेषज्ञ’ हा, तपासलेला हवा. ब्रिटनमध्ये पशुवैद्यकांची नोंदणी करणाऱ्या रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्स या संस्थेच्या विशेषज्ञ-यादीत राहण्यासाठी दर ५ वर्षांनी पुन्हा अर्ज करावा लागतो. ऑस्ट्रेलियातही विशेषज्ञांची नोंदणी वेगळी असते. पशुवैद्यकांचा तुटवडा असेल तर नोंदणीचे अर्ज लवकर निकाली काढावेत. पात्रतेच्या अटीला मात्र हात लावू नये.

– एक पशुपालक