सेवापुस्तकात नुसते ‘विनावेतन’ नको

संपादक महोदय,

जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांची निवृत्तिवेतन प्रकरणे तपासताना सेवापुस्तकातला एक शेरा नेहमी आडवा येतो : ‘विनावेतन’. पगार निघाला नाही एवढेच त्यावरून कळते. रजा मंजूर होती की कर्मचारी परस्पर गैरहजर होता, हा उलगडा वीस वर्षांनी कोण करणार?

महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मधील नियम 63 नुसार मंजूर झालेली विनावेतन रजा म्हणजे ‘असाधारण रजा’. दुसरी रजा देय नसेल तेव्हा, किंवा देय असूनही कर्मचाऱ्याने लेखी मागितल्यास ती देता येते. म्हणजे खात्यावर रजा शिल्लक असताना लेखी मागणीशिवाय कुणाला विनावेतन टाकणे नियमात बसत नाही. त्यामुळे अर्जापूर्वी अर्जित आणि अर्धवेतनी रजेचा हिशेब मागून घ्यावा. मूल 18 वर्षांखालचे असल्यास महिलांनी 2018 पासूनची 180 दिवसांची बालसंगोपन रजाही पाहावी. ती पगारी आहे.

खरा घोळ अर्जातल्या कारणात होतो. वैद्यकीय प्रमाणपत्रावर मंजूर झालेली असाधारण रजा निवृत्तिवेतनाच्या सेवेत धरली जाते. घरगुती कारणाची एरवी धरत नाहीत, वेतनवाढीलाही मोजत नाहीत. तरीही आजारी माणसाच्या अर्जावर सवयीने ‘घरगुती अडचण’ लिहिले जाते आणि प्रमाणपत्र घरीच राहते. हे नुकसान पूर्णपणे टाळता येण्यासारखे आहे, म्हणून ते अधिक बोचते.

पुढच्या सहामाहीची अर्जित रजाही घटते, असाधारण रजेच्या एक दशांशाने. जानेवारी ते जून 120 दिवस घेतल्यास 1 जुलैला 15 ऐवजी 3 दिवसच जमा होतात. 1 नोव्हेंबर 2005 रोजी वा त्यानंतर लागलेल्यांचे पगाराअभावी पेन्शन खात्यातले कर्मचारी आणि शासन अशा दोन्हीकडचे अंशदान थांबते. पतसंस्थेचा हप्ता मात्र थांबत नसतो.

मंजुरी आदेशात रजेचा कालावधी, प्रमाणपत्र आहे की नाही आणि सेवा निवृत्तिवेतनासाठी धरायची की नाही, या तिन्ही बाबी स्पष्ट लिहाव्यात. सेवापुस्तकातली नोंद आदेश क्रमांकासह त्याच महिन्यात व्हावी. जुन्या गैरहजेरीचे असाधारण रजेत रूपांतर करण्याचा अधिकारही नियम 63 मध्येच आहे. निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरलेल्यांची सेवापुस्तके पंचायत समित्यांनी आताच काढून तो वापरावा.

– सेवानिवृत्त सहायक प्रशासन अधिकारी, जिल्हा परिषद