बाय, रात्रीच्या फोननंतर (मे २०२१)

बाय गो,

काल बोलता बोलता फोन कट झाला, मग मी लावत राहिले तर नॉट रीचेबल. वादळ गेलं तरी इथे टॉवरचं अजून काही खरं नाही, रेंज येते नि जाते. सकाळी तुझा 'आता ठीक आहे' मेसेज बघितला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तू रडायला लागलीस की मला फोनवर काही सुचत नाही, नुसतं 'होईल गो बरं, होईल गो बरं' करत बसते, म्हणून हे टाईप करतेय. दुपारपासून लाईट आहे, बाबा कातळावर गेलेत पडलेली कलमं बघायला. मोठं होणार हे, दमादमाने वाच, आणि वाचताना बोटाला ते ऑक्सिजन बघायचं मशीन लावून बसू नको.

तू म्हणालीस, "आई तुला नाही कळणार, तुझे लसीचे दोन्ही डोस झालेत." लागलं मला ते. राग नाही धरलाय, पण लागलं. अंगणवाडीवाल्यांचा नंबर आरोग्याच्या लोकांबरोबर पहिल्याच टप्प्यात आला, फेब्रुवारीत आरोग्य केंद्रात गेले, दंड पुढे केला, अर्धा तास बसवून ठेवलं, बाकीच्या जणी फोटो काढत होत्या आणि माझ्या डोक्यात एकच, हा बायच्या नावावर करता आला असता तर. तसं चाललं असतं ना, तर आमच्या लाईनीतल्या एकाही बाईने स्वतःसाठी बाही वर केली नसती. बाबांचा पहिला एप्रिलात झाला, दुसऱ्याचं अंतर आता १३ मेला बारा ते सोळा आठवडे केलंय, म्हणजे ८४ दिवस होईपर्यंत तेही थांबलेत. आणि तुमचं १८ ते ४४ चं तर १ मेला सुरू झालं नि १२ मेला राज्याने थांबवलंच, ४५ च्या वरच्यांच्या दुसऱ्या डोसाला पुरेना म्हणून. मग मला सांग, सरकारी सेंटरवर जे सध्या बंदच आहे त्यासाठी रात्री दोन वाजता ते बुकिंगचं कोविन उघडून कशाला बसतेस? प्रायव्हेटचे चार स्लॉट निघतात ते डोळ्याची पापणी लवायच्या आत जातात हे तूच सांगितलंस. टेलिग्रामचे ते अलर्ट रात्रीचे बंद ठेव. दिवसा दादा बघेल, त्याला ओटीपी देत जा, तो नाहीतरी कॉम्प्युटरसमोरच असतो. दोघांनी वाटून घ्या. लस येणार आहे बाय. मी ती कुपी डोळ्यांनी बघितलीय, बोटाच्या दोन पेरांएवढी असेल, एका कुपीत दहा जणांचे डोस, दोन ते आठ डिग्रीत सांभाळायची, आणि एकदा उघडली की चार तासांत संपवायची म्हणून दहा माणसं जमेपर्यंत आमची सिस्टर ती फोडत नाही, आवाठातून माणसं बोलावून आणते. एवढी राखतात ती. तुझ्यापर्यंत यायला वेळ लागतोय तो कमी पडतेय म्हणून, कोणी तुला विसरलंय म्हणून नाही.

आता मशीनचं. काल तू मला ९८ सांगितलंस, मग ९७, मग परत ९८, मग 'आई ९६ झालं' म्हणून हुंदका. गेल्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब माझी जबाबदारी' मोहिमेत मी घरोघर हेच करत फिरले गो. वरच्या वाडीत एक म्हातारी भांडी घासता घासता उठून आली, तिच्या बोटाला लावलं तर ८८. माझ्या बरोबरची आशा वर्कर घाबरली. मी म्हातारीचा हात पदराने पुसला, गार पडला होता तो माझ्या दोन्ही हातांत धरून चोळला, तिला पायरीवर टेकवलं, मिनिटभर मशीन हलू दिलं नाही, तर ९७. म्हातारी हसत परत भांड्यांकडे. तेव्हा गार बोट, ओलं बोट, नेलपॉलिश, हात हलणं, सगळ्याने आकडा फिरतो. ९५ च्या वर काहीही असलं तरी ते चांगलंच, ९८ आणि ९६ मध्ये आजार नसतो. ताप आला, खोकला लागला, तर सकाळ-संध्याकाळ बघायचं, सहा मिनिटं घरातल्या घरात चालून परत बघायचं, ९३ च्या खाली गेलं किंवा तीनापेक्षा जास्त उतरलं किंवा धाप लागली तर डॉक्टर, थांबायचं नाही. पण तुला तर तापही नाही, वास येतोय, चव आहे, टेस्ट निगेटिव्ह. मग तासातासाला बघून काय मिळतं? खाज खाजवल्यासारखं आहे ते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि मग आणखी सुटते. मशीन कपाटात वरच्या फळीवर ठेव, जिथे स्टूल घेऊन चढावं लागेल.

आणि ते हातापायाला मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, छाती आवळते, श्वास पुरत नाही म्हणतेस, ते मी आज सकाळी आमच्या डॉक्टर मॅडमना विचारलं. (तुझं नाव नाही घेतलं, माझ्या एका मैत्रिणीची मुलगी म्हटलं.) त्या म्हणाल्या घाबरलं की आपण भरभर श्वास घ्यायला लागतो, त्याने अंगातला कार्बन डायऑक्साईड जास्तच बाहेर जातो आणि मग मुंग्या येतात, चक्करल्यासारखं होतं, माणसाला वाटतं ऑक्सिजन कमी पडतोय आणि तो अजून जोरात श्वास घेतो. म्हणून तर तुझं मशीन ९८ दाखवतं आणि तुला मात्र गुदमरल्यासारखं होतं. दोन्ही खरं आहे. तू नाटक करत नाहीस. अशा वेळी नाकाने साधा श्वास घ्यायचा आणि सोडताना हळू, घेतल्याच्या दुप्पट वेळ लावून सोडायचा, असं पाचेक मिनिटं. खिडकीत उभी राहून कर.

मॅडम असंही म्हणाल्या की हे रोज व्हायला लागलं, झोप-जेवण बिघडलं, तर मनाच्या डॉक्टरांशी बोलावं, आता फोनवर, व्हिडिओवर होतं सगळं. सरकारची 'किरण' हेल्पलाईन आहे, गेल्या सप्टेंबरात सुरू झालेली, चोवीस तास चालते. तू कर फोन. आपल्याकडे कसं आहे तुला ठाऊक आहे, कोणी मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं की लगेच 'रत्नागिरीक न्हेवक व्हया', तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात, म्हणून मोकळे. त्या लोकांचं मनावर घ्यायचं नाही. मी कोणाला सांगणार नाही, बाबांना तूच सांग, ते समजून घेतील. काल तुझा फोन कट झाल्यावर ते तसेच ओट्यावर बसून होते, मला म्हणाले, "तिका सांग, घाबरा नको म्हणान." एवढंच. मग आत गेले आणि मोबाईल उशाशी घेऊन झोपले, जो माणूस रात्री मोबाईल माजघरात ठेवतो.

एक विचारू? तुझ्या फ्लॅटची दुसरी किल्ली कोणाकडे आहे? ती रूममेट गावाला गेली तेव्हा तिच्याकडची तिने नेली की ठेवली? समोरच्या काकूंकडे एक देऊन ठेव. आणि रात्री आतून ती वरची कडी लावतेस ना, ती लावू नको, लॅचवर ठेव. पुढे बोलत नाही त्याच्यावर.

घरी ये असं मी म्हणणार नाही, ठरवूनच बसलेय. ई-पास, टेस्ट, इथे येऊन विलगीकरण, आणि तुझ्या मनात ती भीती की बाबांना माझ्यामुळे काही झालं तर, ते सगळं कळतं मला. शिवाय इथे तरी कुठे कमी आहे, आपल्या जिल्ह्यात पेशंट वाढताहेतच. पण मागची खोली झाडून ठेवलीय, मागल्या दाराने वेगळं येणं-जाणं आहे, संडास बाहेरचा. माहीत असावं म्हणून सांगितलं.

मला वाटतं हे सगळं नाना आजारी पडून गेले तेव्हापासून सुरू झालंय. तेव्हा तू जे केलंस ना बाय, ते मी कोणाला सांगितलं नाही पण मनात रोज येतं. पुण्यात बसून तू ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात बेड मिळवलास, ऑक्सिजनचं विचारलंस, वहिनींना धीर दिलास, कोणाचे कोणाचे नंबर काढून फोन करत राहिलीस, आणि आम्ही मोठी माणसं इथे नुसती देवासमोर बसलो होतो. दहाव्याला सगळे म्हणत होते पोरगी खंबीर आहे. मला अभिमान वाटला, अजून वाटतो. पण तू तेव्हा रडली नाहीस. व्हिडिओ कॉलवर त्यांना शेवटचं तू बघितलंस, आमच्यापैकी कोणी नाही, आणि त्यानंतर कोणी तुला विचारलंच नाही की तुझं काय. आता रात्री छाती आवळते ती तेव्हाचीच असेल, मला डॉक्टरकीतलं कळत नाही, पण आई म्हणून वाटतं. वहिनींना एकदा फोन कर. औषध-पाणी, कागदपत्रं यातलं काही बोलू नको, नुसतं नानांबद्दल बोला दोघी.

जेवतेस का वेळेवर? मॅगी म्हणजे जेवण नव्हे. पेज कर, उकडे तांदूळ दिलेत मी, कूकरला लाव नि सोबत लोणचं. बातम्या रात्री बघू नको. त्या ग्रुपवरचे व्हिडिओ, काळी बुरशी नि काय काय, सगळे डिलीट कर, स्वतःच्या मनाने वाफ नि काढे करत दिवसभर बसू नको, मास्क नीट नाकावर घाल, खिडक्या उघड्या ठेव, आणि स्टिरॉइडच्या गोळ्या कोणी सांगितल्या म्हणून, बस, लागले मी शिकवायला. रागावू नको गो. तुला सगळं माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. जवळ असतीस तर काही बोलले नसते, डोक्याला तेल लावलं असतं.

तुला आठवतं, लहानपणी आजीच्या गालावरचे खड्डे बोटाने मोजायचीस? देवीचे वण ते. तिच्या पाठचा भाऊ देवीत गेला, ती वाचली. तिने आम्हा सगळ्या भावंडांना देवी टोचून घेतल्या, माझ्या दंडावर तो रुपयाएवढा वण आहे तो त्याचाच. टोचणारा आला की पोरं आंब्याच्या बागेत पळायची आणि आजी काठी घेऊन मागे, एकेकाला धरून आणायची. पंच्याहत्तर साली देशातली देवी गेली, आणि तुझ्या दंडावर तो वण नाही कारण तुला ती लस द्यायची गरजच राहिली नव्हती. आजी तुला मांडीवर घेऊन तुझा दंड बघायची नि म्हणायची, कोराच आहे बरा. आणि तू, त्रिगुणीच्या इंजेक्शननंतर रात्रभर तापाने फणफणायचीस, मी कपाळावर पट्ट्या ठेवत जागी, सकाळी काही झालंच नाही असं उठून अंगणात कोंबड्यांच्या मागे. कोविशिल्डनेही एखादा दिवस ताप, अंगदुखी येते, मला आला होता, दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत पोषण आहार वाटायला गेले. तेव्हा तुझा नंबर लागेल त्या दिवशी कणकण आली तर परत मशीन काढून बसशील, म्हणून आधीच सांगून ठेवते. त्या दिवशी कोणीतरी सोबत असू दे. समोरच्या काकूंकडे किल्ली असली तर त्याही डोकावतील.

वादळाचं तुला दादाने सांगितलं असेलच. आनंदवाडीत नांगरलेल्या बोटी बुडाल्या, खलाशी गेले, त्यापुढे आपलं काहीच नाही. वईकडची मोठी दोन कलमं मुळासकट, बाकीच्यांचा राहिलेला आंबा गळून चिखलात. पडलेला आंबा आपटलेला, टिकत नाही, कॅनिंगवाला मागेल त्या भावाने न्यायला तयार, आणि ऊन नाही तर साठं तरी कुठे घालणार. बाबा काही बोलत नाहीत. झाडावर राहिले होते त्यातले निवडून त्यांनी तुझ्यासाठी वेगळे ठेवलेत, एकेक पुसून, देठाकडून वास घेऊन. उद्या टेम्पो जातोय पुण्याला, त्यात पेटी देतो. वरच्या थरातले आधी खा, खालचे अजून हिरवट आहेत, गवत काढू नको. अर्धे समोरच्या काकूंना दे आणि देताना बोल त्यांच्याशी जरा, दारात उभी राहून का होईना, मास्क लावून. त्या चांगल्या वाटल्या मला गणपतीत आल्या होत्या तेव्हा.

रात्री कितीही वाजता वाटलं तर फोन कर. माझा नाही लागला तर बाबांचा, त्यांचा नाही तर शेजारी लँडलाईनवर कर, तो लागतो, मी सांगून ठेवलंय त्यांना. मी उठून येईन, झोपमोड वगैरे काही नाही.

वायरमन आलेत खांबावर, लाईट घालवतील परत, त्याआधी पाठवते.

आई