गेम झोनचा मागचा दरवाजा

महोदय,

सांगलीतील इनडोअर गेम झोनविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. भर उन्हाळ्यात मुलांना गार छताखाली खेळायला मिळावे, याबद्दल दुमत नाही. पण लेखात तिकीट, खेळ, खाणे सगळे आले. आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट तेवढी राहिली. मागच्या महिन्यात नातवंडांना घेऊन अशाच एका ठिकाणी गेलो होतो. ट्रॅम्पोलिनसाठीचे मोजे सक्तीने विकत घ्यायला लावले (शिस्त काय ती एवढीच!), मात्र 'आपत्कालीन मार्ग' लिहिलेल्या दारापुढे खुर्च्यांची छातीएवढी चळत. विचारले तर उत्तर आले, "काका, बर्थडे पार्टी झाली की हलवतो."

राजकोटच्या गेम झोनमध्ये २५ मे २०२४ रोजी लागलेल्या आगीत २७ जणांचा जीव गेला, त्यांत लहान मुलेही होती. त्या जागेला अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखलाच नव्हता. आपल्याकडे २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत सादर करावे लागते. ते प्रमाणपत्र तिकीट खिडकीवर, दरपत्रकाशेजारी लावणे महापालिकेने सक्तीचे करावे.

– एक आजोबा, विश्रामबाग, सांगली