हवामान आधीही बदलायचं, म्हणूनच तर काळजी वाटते

प्रति,
संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात पत्रांच्या पानावर एका वाचकांनी लिहिलं होतं की हवामान काय आजच बदलतंय का, हिमयुगं आली नि गेली तेव्हा कुठे होत्या गाड्या आणि कारखाने, मग आत्ताच एवढी ओरड कशाला. व्हॉट्सअ‍ॅपवर पण हेच फिरत असतं. मला एवढंच विचारायचंय की हिमयुगं येऊन गेली हे ज्यांनी शोधून काढलं तेच शास्त्रज्ञ आज जीव तोडून सांगताहेत की या वेळचं प्रकरण वेगळं आहे, मग त्यांचं अर्धंच का ऐकायचं?

अंटार्क्टिकात पडलेला बर्फ थरावर थर दबत जातो आणि त्या त्या काळची हवा त्यात बारीक बुडबुड्यांमध्ये अडकून राहते. युरोपातल्या शास्त्रज्ञांनी तिथे ३ किलोमीटरहून खोल ड्रिल करून ८ लाख वर्षांचा बर्फ वर काढला आणि त्यातली हवा तपासली, तर हवेत उष्णता धरून ठेवणारा कार्बन डायऑक्साइड ऐन हिमयुगात १८० पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १८० भाग) आसपास आणि उबदार काळात फार तर ३००, त्याच्या वर एकदाही गेलेला नाही. आज तो ४२० च्या पुढे आहे. शेवटचं हिमयुग संपताना तो साधारण ८० पीपीएमने वाढला त्याला हजारो वर्षं लागली. माझा जन्म १९५८ चा, त्याच वर्षी हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर रोजची मोजणी सुरू झाली, तेव्हा आकडा ३१५ च्या जवळ होता. म्हणजे माझ्या एकट्याच्या आयुष्यात शंभराच्या वर वाढ! आणि हिमयुगं यायची-जायची ती पृथ्वीच्या कक्षेत आणि आसाच्या कलण्यात सावकाश होणाऱ्या फरकांमुळे, त्याचं गणित मांडता येतं, त्या गणिताने तर आत्ता पृथ्वी किंचित थंड होत जायला हवी होती.

एवढ्या लांब कशाला, आमच्या मेहकरहून लोणार जवळच आहे. २०२० मध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळ्यांनी फोटो टाकले, पण त्या सरोवराच्या तळात गेल्या साधारण ११ हजार वर्षांच्या पावसाची नोंद गाळात साठलेली आहे हे किती जणांना माहीत आहे? पाऊस कमी झाला की पाणी आटतं, खारेपणा वाढतो आणि गेलुसाइट नावाच्या क्षाराचे खडे गाळात तयार होतात, त्यावरून कळलं की साधारण ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी इथे पाऊस शेकडो वर्षं कमकुवत होता. शेकडो वर्षं! आपण दोन वर्षं पाऊस लांबला तर टँकरवर येतो. बस्तरच्या दंडक गुहेत ठिबकणाऱ्या पाण्यातून थराथराने वाढलेल्या लवणस्तंभातही चौदाव्या शतकात मान्सून ढासळल्याची खूण सापडली आहे आणि त्याच शतकाच्या शेवटी, १३९६ पासून, आपल्याकडे दुर्गादेवीचा दुष्काळ पडला, बारा वर्षं, गावंच्या गावं ओस पडली.

तेव्हा आजच्यासारखा कोळसा कोणी जाळत नव्हतं, पेट्रोल जाळत नव्हतं, तरी पाऊस असा फिरला. म्हणजे आपला मान्सून किती नाजूक आहे ते बघा, आणि त्यालाच आपण आता एवढ्या जोराने धक्का देतोय. "आधीपण व्हायचं" हे ऐकून मला धीर येत नाही, उलट झोप उडते.

तुमच्या पेपरने या गाळावर, गुहांवर एखादी लेखमाला छापावी अशी विनंती आहे. आणि लोणारला शाळांच्या सहली येतात त्या मुलांना दैत्यसूदन मंदिर, उल्का वगैरे सांगतात तसं काठावर उभं करून या गाळाबद्दलही सांगा, तिथे मराठीत एक फलक लावायला फार खर्च येणार नाही.

आपला,
एक वाचक, मेहकर